पोळ्याला मोजलेली बैलं

हिवरवाडी,
संक्रांतीचा दुसरा दिवस

प्रिय शिवकन्या,

घरी सगळे हिंडतेफिरते आहेत, हे आधी सांगते. आक्कानं पत्र काहून धाडलं म्हणून उभ्या उभ्याच कागद उघडला असशील, तर आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हणजे शहादेवच्या खिशात, आणि तुझ्या नवऱ्याला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी ‘कशी हायस’ म्हणून विचारलं तर तुमच्या तळावरच्या पाचटाच्या तीन कोप्यांतून ‘बरी हाय’ असं उत्तर आलं. मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय. शिवाय फोनवर अवघड बोलायची वेळ आली की मी ‘बरं ठेवते’ म्हणून मोकळी होते. कागदावर तसं होत नाही, म्हणून कागद घेतला.

सांगायचंय ते आपल्या गावच्या शेणाच्या गॅसचं. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की शाळेच्या व्हरांड्यात गॅस समितीची बैठक आहे, आणि तुमच्या खालच्या गल्लीची पाईपलाईन राहायची की कायमची काढायची, याचा निकाल त्या दिवशी लागणार आहे. एकोणीस घरं आहेत, त्यातलं एक तुझं. तुम्ही सगळे तिकडे उसाच्या फडात, आणि निकाल इकडे. हे बरोबर नाही हे मला कळतं. तरी बैठकीची नोटीस मीच काढली, कारण सचिव मी आहे.

मी थकले आहे गं. तू म्हणशील, आक्का तर लोखंडाची आहे. होती कधी काळी. चार वर्षं झाली, पहाटे साडेपाचला स्वेटरवर शाल आणि शालीवर टॉवेल गुंडाळून मी गाठोड्यासारखी टाकीवर जाते. टाकीवरचा गडी धुळाजी माझ्याआधी आलेला असतो. हौदात शेण-पाणी कालवून त्याचे हात कोपरापर्यंत गारठलेले असतात, आणि मला बघितलं की तो दाबाच्या काट्याकडे बोट करून रोज तेच म्हणायचा, “बाई, टाकी लई सुस्तावलीय.” मग मी वरच्या गल्लीचा कॉक सोडायचे, मग खालच्या गल्लीचा. आठला बंद. संध्याकाळी सहाला पुन्हा सोडायचा, साडेआठला बंद. मधल्या वेळात अंगणवाडी, पोरांची वजनं, खिचडी, रजिस्टरं. गुडघे दुखतात ते सोड, त्याला गोळी आहे. पण यंदा त्या कॉकला हात लावायचाच मला कंटाळा आलाय, आणि तो कशानं आला हे आजवर मी कुणाला बोलले नाही.

आठवतं का, पुण्याच्या संस्थेच्या मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा समाजमंदिरात पांढरी चादर लावून त्यांनी चित्रं दाखवली होती. कुठल्याशा बर्फाच्या देशातलं गाव होतं. तिथे म्हणे घरोघर शेगडी नसते. गावाबाहेर एकच मोठी भट्टी, तिच्यात गव्हाचं काड जाळायचं, आणि तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांनी घराघरांत फिरवायचं. त्यावर घर ऊबदार राहतं, आंघोळ होते. तेल महागलं, परदेशातून येणारा गॅस महागला, की शेजारच्या गावांची बिलं उड्या मारतात. या गावाचं बिल मात्र जागचं हलत नाही, कारण काड त्यांच्याच शेतातलं. मॅडम हे अगदी भक्तिभावानं सांगत होत्या, आणि तू मागून विचारलंस, “एवढ्या मोठ्या बंबाची राख कोण काढतंय वो?” अख्खं समाजमंदिर हसलं. मॅडमसुद्धा हसल्या आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. माझ्या मनात मात्र ते न हलणारं बिल घट्ट बसलं.

कारण मी घराघरांत जाणारी बाई. सिलिंडर सगळ्यांकडे होता, पण दर चढला की तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रिकामा उभा. सुंदरबाईनं तर त्याच्यावर फडकं घालून वर टीव्हीचं रिमोट आणि कंगवा ठेवायला सुरुवात केली होती. पाहुणे आले की तो भरून आणायचा, पाहुणे गेले की पुन्हा तुराट्या आणि पऱ्हाट्या, पुन्हा डोळे चोळत बसायचं. महाग असणं बायकांना एक वेळ चालतं. पुढच्या महिन्यात काय असेल हे कळत नाही, त्यानं त्या चुलीकडे परत जातात. म्हणून शेणाची टाकी बांधून घरोघर गॅस न्यायचं ठरलं तेव्हा मी भर बैठकीत उठून बोलून बसले की महिन्याला अडीचशे, घर लहान असो की मोठं, आणि पाच वर्षं त्यात पैशाचा फरक होणार नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की थंडीत गॅस कमी पडतो, दर थोडा सैल ठेवा, जास्त जाळेल त्याला जास्त लावा. मी म्हटलं, नाही, आमच्या बायकांना ठरलेला आकडा पाहिजे. टाकीच्या भिंतीवर निळ्या रंगात ‘दर बदलणार नाही’ असं मी स्वतः लिहिलं, शिडीवर चढून. शिडी तू धरली होतीस आणि खालून म्हणत होतीस की ‘णा’ वाकडा झालाय.

खोटं कशाला लिहू, मला त्या आकड्याचा फार अभिमान होता. सिलिंडर चढला, उतरला, परत चढला; आपला आकडा तोच. युसूफ वडगावच्या बाजारात अनोळखी बायका मला थांबवून विचारायच्या, तुमीच का त्या गॅसवाल्या बाई. मी भाजीची पिशवी खाली ठेवून अर्धा अर्धा तास सांगत बसायचे. नवरा गेल्यापासून मला कुणी कशासाठी थांबवलं नव्हतं. म्हणून असेल, पण तो आकडा मला हळूहळू माझाच वाटायला लागला.

आता चूक सांगते. ही चूक कुठल्या इंजिनिअरनं केलेली नाही, ती माझी आहे. टाकी केवढी बांधायची आणि घरं किती जोडायची, हे गावात शेण किती निघतं त्यावर ठरणार होतं. मॅडमनी जनावरं मोजून द्यायला सांगितली. आता गोठ्यागोठ्यात कोण हिंडणार? मी डोकं चालवलं. पोळ्याला सगळी बैलं धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मारुतीच्या पारापुढे रांगेनं उभी असतात, तिथेच मोजू म्हटलं. वही घेऊन पारावर बसले. तुझ्या शहादेवनं जोडीला गुलाबी गोंडे बांधले होते आणि पुन्हा पुन्हा माझ्यापुढून नेत होता, त्यामुळे ती दोन बैलं मी दोनदा मोजली आणि मग खोडली. अठ्ठ्याऐंशी बैलं भरली. गाई-म्हशी वेगळ्या. मॅडम खूश, समिती खूश. त्या मापाची टाकी झाली, सेहेचाळीस घरं जोडली गेली.

आणि दसरा झाल्यावर त्या अठ्ठ्याऐंशीतली चोपन्न बैलं गाड्यांना जुंपून तुम्ही कारखान्याला घेऊन गेलात. दरवर्षी नेता तशीच. मला हे ठाऊक नव्हतं का? गाड्या निघतात तेव्हा मी वेशीपर्यंत येते. तुमच्यामागं पोरं कमी झाली की अंगणवाडीच्या रजिस्टरात खिचडीचे आकडे बदलून लिहिते. माणसं गेली ती मला वहीत घेता आली, बैलं गेली हे सुचलं नाही. समितीत आम्ही अकरा जण होतो, अकराही जण शेतकऱ्यांच्या घरातले, एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोळ्याच्या दिवशी कुणाला दसरा आठवत नाही बघ. बैल तिकडे शेण टाकतात, इकडे टाकी अर्धी उपाशी, आणि वर थंडी, की आहे तेवढं शेणसुद्धा नीट कुजत नाही.

पहिल्या हिवाळ्यात काटा खाली आला तेव्हा वरच्या गल्लीतले रामकिसनराव आपण होऊन पुढे आले. त्यांचा तो बावीस म्हशींचा गोठा तुला माहीत आहे. “बाई, शेण उकिरड्यावर पडून चाललंय, न्या की,” म्हणाले. ते वाईट आहेत असं मी लिहिणार नाही. तुझा सासरा गेला तेव्हा अंबाजोगाईहून त्यांनीच रात्रीतून गाडी पाठवली होती. पण तीन हिवाळे शेण दिलं की चौथ्या हिवाळ्यात माणूस बोलायला लागतो. यंदा त्यांना दुधाच्या कॅन धुवायला दिवसभर गरम पाणी पाहिजे. वरच्या गल्लीतल्या बाकीच्यांचंही तसंच. सगळ्यांनी बंब भंगारात घातले, आता आंघोळीचं पाणी गॅसवर, तेही माणशी दोन बादल्या, कारण दर काय, तोच. जास्त जाळलं म्हणून जास्त पडत नाही, मग कोण आवरतो? सकाळी सातला ज्योत वाटाण्याएवढी व्हायची आणि माझ्या दारात भांडायला माणसं. रामकिसनराव एक दिवस शांतपणे म्हणाले, “बाई, दर वाढवा, बाहीरून शेण इकत आणा. न्हाईतर घरं कमी करा. खालच्या गल्लीला कुलपं हायेत सहा महिने. कुलपाला काय करायचाय गॅस?”

कुलपं नाहीत, शिवकन्या. मी सांगायला पाहिजे होतं त्यांना. एकोणीसपैकी तेरा घरांत माणूस आहे. म्हातारं आहे, नाहीतर शाळेपायी मागं ठेवलेली पोरं आहेत म्हातारीच्या जिवावर. आणि या एकोणीस घरांनी जाताना सहा महिन्यांचा दर पुढचा भरून ठेवलाय, तोही मीच घेतलाय. मला दोन वाटा होत्या. थंडीचे चार महिने दर वाढवायचा, जास्त जाळणाऱ्याला जास्त लावायचा, मॅडम म्हणाल्या होत्या तसा. नाहीतर तुमचा गॅस बंद करायचा. आणि मला दर वाढवायचा नव्हता. रामकिसनरावांना मी भ्याले असं लिहिलं असतं तर तू मला माफ केलं असतंस, पण तसं नाहीये. मी माझ्या आकड्याला जपलं.

मार्गशीर्षात सुरुवात झाली. आधी तुमचा कॉक अर्धा तास उशिरा सोडायला लागले. मग सकाळचा सोडायचा नाही, संध्याकाळचा सोडायचा. मग नाताळच्या सुट्टीच्या सुमारास एका पहाटे मी तो सोडलाच नाही, संध्याकाळीही नाही, आणि कुणी काही बोललं नाही. खालच्या गल्लीतून भांडायला कोण येणार? भांडणारी सगळी तिकडे तुझ्याबरोबर. धुळाजीनं तेवढं विचारलं, “बाई, खालचा ऱ्हायला न्हवं?” मी म्हटलं, राहू दे. तो हात धुऊन निघून गेला. त्यानंतर तो मला काट्याबद्दल काही सांगत नाही.

आता तुझ्या सासूबाईंचं, चंद्रभागाबाईंचं. कार्तिकात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाईला मीच करून आणलं, ते तुला माहीत आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना डोळ्याला धूर लागता कामा नये, घरी चूल आहे का? मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या गावात चूल नाही, घरोघर गॅस आहे. डॉक्टरसुद्धा चकित झाले. चंद्रभागाबाई माझ्याकडे बघून हसल्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिचमिचा. येताना एसटीत माझा हात धरून बसल्या होत्या. आणि तो दीड महिना भरायच्या आत मी कॉक बंद केला. मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. मला वाटलं, बाई सावध आहे, शेजारी कुणाकडून भाकरी घेईल, दोनचार दिवसांचा प्रश्न आहे. असं काहीबाही मी मनाशी म्हटलं.

चौथ्या दिवशी तुमच्या गल्लीत गेले तर पत्र्याखालून धूर येत होता. आत गेले. चंद्रभागाबाई चुलीपुढे वाकून फुंकणीनं फुंकत होत्या, ऑपरेशनच्या डोळ्यावर पदराचा बोळा धरून. ओढ्याच्या कडेनं वेचून आणलेल्या ओल्या काटक्या, त्या काय जळतात. मला आवाजावरून ओळखलं आणि उलट माझीच समजूत काढायला लागल्या. “थंडीनं टाकी गारठली असंल बाई. माणसागत शेणाला बी हिव वाजतंय. जरा ऊन पडलं की येतोय गॅस, न्हाई का?” मी हो म्हटलं. तिथे उभं राहून, त्या धुरात, मी हो म्हटलं. मग फुंकणी त्यांच्या हातातून घेतली आणि चूल पेटवून दिली.

डोळा लाल झाला, पाणी धरायला लागला. मी पुन्हा अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर म्हणाले, धुरानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण धूर नको म्हणालो होतो ना. औषध वाढवलं. आता लाली उतरली आहे. दिसतं, पण पुसट दिसतं. दारात कुणी उभं आहे हे कळतं, तोंड कळत नाही. पुढं सुधारेल की एवढंच राहील, ते दोन महिन्यांनी बघू म्हणाले. तुला फोनवर आम्ही ‘लखलखीत दिसतंय’ सांगितलं, ते खोटं होतं. त्याच बोलल्या ते, आणि मला हातानं खुणावलं की गप रहा. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “तिकडं पोरीच्या हातात कोयता असतोय. मनात इचार आला की बोट जातंय.” मी त्यांना माझ्या घरी चला म्हटलं तर येत नाहीत. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला बसू, म्हणतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ मी डबा आणि एक किटली कढत पाणी नेऊन देते. त्यांना वाटतं आक्का किती करते. बाकीच्या बारा घरांत अजून चुली पेटतात, तिथे मी किटली नेत नाही. तुझी सासू म्हणून नेते, हे मला कळतं, आणि त्यानं आणखीच लाज वाटते.

रोज पहाटे ठरवते की आज खालचा कॉक सोडायचा. हात तिथपर्यंत जातो. मग वरच्या गल्लीतली ज्योत बसेल, सातच्या आत दारात माणसं येतील, दर वाढवायचा विषय निघेल, मी भिंतीवर लिहिलेलं कुणीतरी वाचून दाखवेल. एवढं सगळं डोक्यात येतं आणि मी वरचा तेवढा सोडून घरी येते. चार वर्षांपूर्वीची मी असते तर भांडले असते. आता वाटतं, होऊ दे काय व्हायचं ते, मला झोप पाहिजे.

काल वरच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. संगीतानं, रामकिसनरावांच्या सुनेनं, माझ्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला आणि मग मी विधवा हे आठवून नुसतीच हळद बोटावर घेऊन थांबली. शेवटी तिनं ती माझ्या हाताला लावली. वर सगळ्यांसमोर म्हणाली, “आक्का हायेत म्हणून दर वाढला न्हाई. आमच्या माहेरी सिलिंडरनं जीव घेतलाय.” पंचवीस-तीस बायका माना डोलवत होत्या. घर गरम होतं, चहा गरम होता, न्हाणीत पोरं गरम पाण्यानं हात धूत होती. कुणी माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं असतं तर मला सोसलं असतं. सगळ्या कौतुकानं बघत होत्या. मी वाण घेतलं आणि घरी येऊन दार लावून बसले. हाताला हळद तशीच होती. रडू आलं असं नाही, रडायलाही ताकद लागते. पण त्याच वेळी वही ओढली आणि तुला लिहायला बसले, ते आज दुपारपर्यंत खाडाखोड करत लिहितेच आहे.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. परवा तुमच्या टोळीचा अंगद मुकादम कारखान्यावर यायला निघतोय. त्याच्याबरोबर मी तुझ्यासाठी तिळाच्या वड्यांचा डबा देणार आहे, आणि हे पत्र कागदात गुंडाळून वड्यांखाली असेल. पण त्याच्याजवळ आणखी एक कागद असेल, रामकिसनरावांनी दिलेला. तो कागद अंगद कोपीकोपीतून फिरवेल, आणि ‘गॅसचं हाय, सगळ्यांनी सही करायची’ एवढंच सांगेल. त्यात लिहिलंय की आम्ही वर्षातले सहा महिने बाहेरगावी असतो, आम्हाला गॅसच्या जोडणीची गरज नाही, आम्ही ती राजीखुशीनं सोडत आहोत. खाली एकोणीस रेघा आहेत. त्या कागदावरचं अक्षर तू ओळखशील. तो मी लिहिला आहे, शिवकन्या, गेल्या रविवारी, माझ्या घरी, माझ्या पेनानं. रामकिसनरावांनी नुसतं ‘सोडत आहोत’ लिहा म्हटलं होतं. ‘राजीखुशीनं’ हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता, तो मला सुचला. समितीचा नियम असा आहे की गल्लीतल्या एका घरानंही नाही म्हटलं तर त्या गल्लीची पाईप हलवता येत नाही. एक सही कमी पडली तरी तो कागद रद्दी आहे. शहादेव सही करायला लागेल, मुकादमापुढे त्याला नाही म्हणता येत नाही. त्याला करू देऊ नकोस. जोडणी तुझ्या नावावर आहे, तुझी सही लागते. एकोणीस सह्या घेऊन अंगद परत आला तर दर तसाच राहतो, वरची गल्ली मला देवीसारखं मानते, आणि मी सुटते. खालच्या कॉककडे पुन्हा कधी बघावं लागत नाही. म्हणून सांगते, सही करू नकोस. मला अशी सुटू देऊ नकोस.

तुझीच,
सत्यभामाआक्का